तवंग केव्हा विखुरतो : एका अंदाजाची कुळकथा

डिस्पर्संट म्हणजे समुद्रावर सांडलेल्या तेलावर फवारायचे रसायन. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे दोहोंमधला पृष्ठताण घटतो आणि लाटांच्या घुसळणीने तवंगाचे बारीक थेंब होतात. साधारण 70 मायक्रोमीटरहून लहान थेंब पाण्यातच राहतात, पांगतात आणि जिवाणू त्यांचा फडशा पाडू लागतात. मोठे थेंब पुन्हा वर येऊन तवंगाला मिळतात. फवारणीने तेल नाहीसे होत नाही, ते फक्त पृष्ठभागावरून पाण्यात जाते. फवारणी फसली तर तेल वरच राहते आणि समुद्रात रसायनाची भर तेवढी पडते. म्हणून ती साधेल की नाही हे आधी सांगता येणे सर्वांत महत्त्वाचे.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. 18 मार्च 1967 रोजी ‘टोरी कॅन्यन’ हे टँकर कॉर्नवॉलजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर चढले. त्यात कुवेतचे सुमारे 1,19,000 टन कच्चे तेल होते. ब्रिटनने त्यावर दहा हजार टनांच्या आसपास डिटर्जंट, म्हणजे त्या काळचे डिस्पर्संट, वापरले. त्यांतले द्रावक विषारी होते. किनाऱ्यावर तर पिंपेच्या पिंपे ओतली गेली. खडकांवरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या लिंपेट गोगलगाई त्यात मेल्या आणि चरणारे कुणी न उरल्याने उघडे खडक हिरव्या शेवाळाने झाकले गेले. जिथे डिटर्जंटचा मारा सर्वाधिक झाला, तो किनारा सावरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

यानंतर कमी विषारी रसायने आली आणि त्यांची कार्यक्षमता मोजण्याच्या चाचण्याही निघाल्या. ब्रिटनच्या वॉरन स्प्रिंग प्रयोगशाळेने तेल, समुद्राचे पाणी आणि रसायन एका पात्रात घालून ते फिरवण्याची पद्धत बसवली. टोरंटोत डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी टाकीतल्या पाण्यावर हवा फुंकून लाटा उठवल्या. कॅनडातच पुढे गोल हिंदकळणाऱ्या चंबूची चाचणी आली. अमेरिकेत त्या चंबूच्या भिंतींना खाचा पाडल्या गेल्या. अडचण अशी की तेच तेल आणि तेच रसायन घेतले, तरी पात्र बदलताच आकडा बदले. प्रत्येक पात्रातली घुसळण वेगळी होती, आणि समुद्राची त्याहून वेगळी. अशा चाचण्या रसायनांची प्रतवारी लावतात. उद्या समुद्रावर काय घडेल हे त्यांच्या टक्केवारीतून वाचणे चूक आहे.

हे अलास्कात फार महागात पडून कळले. 24 मार्च 1989 रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे टँकर फुटले तेव्हा प्रिन्स विल्यम साउंड ही तिथली खाडी शांत होती. तेल ताजे, पण लाटाच नसल्याने प्रायोगिक फवारणीचे रसायन तेलात मिसळेना. तीन दिवसांच्या आत वादळ आले. त्याने तेल दूरवर पसरवले आणि त्यात पाणी घुसळून घट्ट लगदा केला. घुसळण आली, पण तोवर विखुरण्याजोगे तेल उरले नव्हते.

सगळ्या अंदाजाचे मर्म इथेच आहे. सांडलेल्या तेलातले हलके घटक उडून जातात, उरलेल्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब शिरतात आणि तेलातलेच अस्फाल्टीन नावाचे जड घटक ते पक्के धरून ठेवतात. दाटपणा काही तासांत अनेक पटींनी चढतो. नॉर्वेतल्या सिंटेफ संस्थेने एकेक तेल प्रयोगशाळेत असे ‘जुने’ करून, कोणत्या तापमानाला आणि किती वाऱ्यात ते किती तास फवारणीला दाद देईल, याचे तक्ते तयार केले. ब्रिटनच्या 2003 मधील सागरी चाचण्यांत सुमारे 2,000 सेंटिपॉइज दाटपणाचे इंधन मध्यम वाऱ्यात विखुरले. 7,000 च्या आसपासचे त्याच वाऱ्यात नीट विखुरले नाही. वारा सेकंदाला चार-पाच मीटरहून मंद असेल तर घुसळण अपुरी पडते. उलट समुद्र फारच खवळला तर तेल लाटांखाली जाते आणि फवारा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तेल ताजे असतानाच वेळेत फवारणी साधल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे 1996 चे ‘सी एम्प्रेस’ टँकर. वेल्सच्या मिलफर्ड हेवनजवळ सुमारे 72,000 टन तेल सांडले, पण एकदम नव्हे, दिवसांमागून दिवस. प्रत्येक वेळी बाहेर पडणाऱ्या ताज्या, हलक्या तेलावर विमानांनी नेमकी फवारणी केली. एकूण 446 टन रसायन लागले. फवारणी साधली की पाण्यात कॉफीच्या रंगाचा ढग पसरतो. दुधाळ पांढरा ढग दिसला, तर रसायन तेलाला न लागता पाण्यात वाया गेले असे समजतात.

मेक्सिकोच्या आखातात 2010 मध्ये दीड किलोमीटर खोल फुटलेल्या विहिरीच्या तोंडाशीच रसायन सोडले गेले. तिथे लाटांचा संबंध नव्हता. वायू आणि तेलाच्या झोताचाच जोर इतका होता की थेंब रसायनाने बारीक झाले की झोताने, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. जहाजांसाठी 2020 पासून कमी गंधकाची इंधने आली, तेव्हा नवी अडचण उभी राहिली. त्यांतली कित्येक मेणचट असतात आणि थंड पाण्यात गोठतात. मिश्रणही पुरवठ्यागणिक बदलते, त्यामुळे इंधनाच्या नावावरून अंदाज बांधता येत नाही. नमुना घेऊनच तपासावे लागते.