डोंगरी कापड आणि मुलांची डंगरी

कामोठ्याच्या बाजारांत एखादी आई कपड्याच्या दुकानीं जाते आणि दोन वर्षांच्या लेकरासाठीं ‘डंगरी’ मागते. खांद्यावरून दोन पट्टे, छातीवर खिसा आणि खालीं जोडलेली विजार असा तो पोशाख. शेजारीं उभी असलेली आजी हें नांव ऐकून हंसते. तिच्या लहानपणीं असें कांहीं नव्हतें. तान्ह्या मुलाला प्रथम मिळे तें जुन्या लुगड्याचें मऊ दुपटें. मग झबलें, टोपडें आणि थंडीवाऱ्याला कुंची. मुलगा शाळेंत जाऊं लागला कीं सदरा किंवा खमीस आणि चड्डी, मुलीला परकर-पोलकें. दिवाळीला एकाच ताग्यांतून साऱ्या भावंडांचे कपडे निघत. शिंप्याला ते ‘वाढत्या अंगाचे’ बेतावयास सांगत. त्यामुळें पहिल्या वर्षीं बाह्या बोटांवर येत आणि तिसऱ्या वर्षीं मनगटें उघडीं पडत. मग तोच सदरा धाकट्याकडे जाई व अखेर गोधडींत शिवला जाई.

कपडे विरले, परंतु त्यांचीं नांवें राहिलीं. आणि या नांवांच्या कुळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. साधा ‘खमीस’ घ्या. अरबींत ‘कमीस’ आहे, पोर्तुगीजांत ‘कमिझा’ आहे. मराठी शब्दाचा शेवटचा ‘स’ अरबीकडे बोट दाखवितो, तर हिंदींतील ‘कमीज’ पोर्तुगीजाची आठवण देतो. वसईच्या बाजूस पोर्तुगीजांचा अंमल १७३९ पर्यंत होता, म्हणून कोंकणांत दोन्ही वाटा खुल्या होत्या. शिवाय पोर्तुगीज शब्द ज्या लॅटिन ‘कमिसिया’पासून आला, तो चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमच्या लेखनांत आढळतो, आणि अरबी शब्दाचें नातेंहि त्याच कुळाशीं जोडणारे अभ्यासक आहेत. तसें ठरलें तर दोन्ही पक्ष मागें जाऊन एकाच घरीं पोंचतात. ‘इस्त्री’चा वादहि असाच आहे. एक पक्ष ती पोर्तुगीज ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणें या धातूपासून आली असें मानतो. दुसरा संस्कृत ‘स्तृ’ म्हणजे पसरणें याकडे वळतो. अर्थ दोहोंचाहि जुळतो, आणि नेमकें तेंच अडचणीचें आहे.

परंतु सर्वांत मनोरंजक कथा त्या डंगरीची. शब्द इंग्रजींतून आला हें खरें, पण इंग्रजांना तो कोठून मिळाला? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशांत ‘डोंगरी कापड’ असा शब्द दिला आहे. मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तींत विकलें जाणारें साधें देशी कापड हा त्याचा मूळ अर्थ, आणि पुढें कोणतेंहि हलकें, स्वस्त सुती कापड. या खुलाशाप्रमाणें डंगरी मुंबईचीच लेक ठरते. मात्र १८८६ सालीं निघालेल्या यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाच्या मूळ कर्त्यांस हा शब्द कोणत्याच कोशांत सांपडला नव्हता. १९०३ च्या आवृत्तींत विल्यम क्रुक यानें भर घातली. त्यांत मोल्सवर्थचें मत तर आहेच, शिवाय हिंदी ‘डुंगरी’ आणि तेलुगू ‘दंगिडि’ हीं रूपेंहि दिलीं आहेत.

आतां तारखा पाहाव्या. १६१३ सालीं कप्तान जॉन सॅरिस हा इंग्रज व्यापारी मोलुक्का बेटांत खंबायत व चोळमंडल किनाऱ्याकडील कापड देऊन लवंगा घेत होता. कोणत्या कापडाला किती लवंगा येतात याची यादी त्यानें दिली आहे. तींत डोंगरीशीं मिळतेंजुळतें नांव येतें, आणि त्यांतील उत्तम प्रतीचा भाव बारा कॅटी लवंगा असा आहे. कॅटी हें तिकडील वजन. त्या वेळीं मुंबई पोर्तुगीजांकडे होती. इंग्रजांशीं तिचा संबंध १६६१ च्या विवाह-तहानें आला, आणि कंपनीच्या हातीं ती १६६८ सालीं गेली. म्हणजे इंग्रजी मुंबईचा बाजार वसण्यापूर्वींच हें नांव इंग्रजांच्या वहींत उतरलें होतें. आणि तेव्हां त्या नांवाचें उंची कापडहि मिळत होतें. डोंगरी हें स्थलनांव तरी एकाच जागेचें कोठें आहे? उत्तनकडे एक डोंगरी आहे, उरण तालुक्यांत दुसरी. डोंगर तेथें डोंगरी असावयाचीच. तेव्हां मोल्सवर्थचा खुलासा टाकून देतां येत नाहीं, आणि त्यावर शिक्काहि मारतां येत नाहीं.

पुढचा प्रवास निर्विवाद आहे. हें जाडें कापड खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर चढलें, कापडाचें नांव पोशाखास मिळालें, आणि तो पोशाख कालांतरानें लहान मुलांकडे आला. मुंबईंतला तो किल्ला मात्र राहिला नाहीं. डोंगरीची टेकडी सपाट करून १७६९ सालीं तेथें फोर्ट जॉर्ज बांधला गेला आणि १८६२ सालीं तोहि पाडण्यांत आला. त्या परिसरांत आज सेंट जॉर्ज रुग्णालय उभें आहे.

कामोठें हें पनवेल तालुक्यांतलें जुनें गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, भातशेतीच्या जागीं इमारती आल्या, आणि २०१६ पासून हें गांव पनवेल महानगरपालिकेंत आहे. मूळच्या आगरी घरांशेजारीं सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडील कुटुंबें राहावयास आलीं. त्यामुळें एकाच जिन्यावर एक आजी झबलें म्हणते, दुसरी अंगडें. एक सदरा म्हणते, दुसरी पैरण. नातवंडांच्या तोंडीं मात्र ‘टॉप’ आणि ‘डंगरी’ एवढेंच उरलें आहे. कोशकारांचे वाद पुढेंहि चालतील, कारण ग्रंथ कपाटांत आहेत. आजीचा शब्द कोणत्या गांवांत, कोणत्या कपड्याला लावीत, हें मात्र तिलाच ठाऊक. तें तिच्याबरोबर गेलें तर पुढच्या वादाला साक्षीदार उरणार नाहीं. घरांतील शिकल्यासवरल्या माणसानें एका वहींत तें गांवाच्या नांवासह टिपून ठेवलें तरी मोठें काम होईल.

एखाद्या रविवारीं हीच आजी डंगरी घातलेल्या नातवाला घेऊन मानसरोवर स्थानकावर हार्बरच्या गाडींत बसते. सँडहर्स्ट रोडला डोंगरी जवळून जाते, आणि शेवटच्या स्थानकाबाहेर कांहीं पावलांवर त्या नाहींशा झालेल्या किल्ल्याचा परिसर येतो. तेथें तिनें नातवाला खुशाल सांगावें कीं, बाळा, तुझ्या कपड्याचें नांव इथलें असावें. मात्र ‘असावें’ या शब्दापुढें तिनें जाऊं नये.