मैदान कुणाचे? नेहरू स्टेडियमचा धडा

आमच्या नांदेड-लातूरचे क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येते. म्हणून पुण्याच्या नेहरू स्टेडियमचा इतिहास आम्हाला परका नाही.

स्वारगेटजवळचे हे स्टेडियम महानगरपालिकेचे, म्हणजे जनतेच्या मालकीचे. 1984 ते 2005 या काळात तेथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले. 29 फेब्रुवारी 1996 रोजी नवख्या केनियाने बलाढ्य वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळले, ते याच मैदानावर.

मग तिकीटवाटपावरून पालिका आणि संघटनेत वाद पेटला. संघटनेने शहराबाहेर गहुंजेला स्वतःचे स्टेडियम बांधले. 2012 मध्ये तेथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. मुंबईतही आसनांच्या वाटपावरूनच ब्रेबॉर्न मागे पडले आणि वानखेडे उभे राहिले. दोन्हीकडे भांडण खुर्च्यांचे होते. खेळणाऱ्याला कुणी विचारले?

याच पुण्यात चर्मकार समाजातील पालवणकर बाळू इंग्रजांच्या क्लबची खेळपट्टी राखता राखता गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी चालत होती; चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही.

सार्वजनिक तळ्यावर आपलाही हक्क आहे, हे बाबासाहेबांनी 1927 साली महाडला दाखवून दिले. सार्वजनिक मैदानाचेही तेच. नांदेड-लातूरच्या मैदानांवर पास कुणाला मिळाले, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. वस्तीतली किती मुले-मुली तिथे वर्षभर खेळली, याचा हिशेब आम्ही मागणार आहोत.

जय भीम!