माळ्यावरचा इतिहास

बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघाले, की खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव लागते. पुढे कणकुंबीस मलप्रभेचा उगम आणि सभोवती सह्याद्रीचे दाट रान. मृगाची झड लागली, की पावसाळा संपेपर्यंत या भागात ओल काही हटत नाही. अशा मुलखातील जुन्या घरात माळ्याला मोठा मान असतो. फुटकी समई, काच गेलेला कंदील, मुका झालेला रेडिओ, असे सारे 'कधीतरी उपयोगी पडेल' या आशेवर माळ्यावर चढते. अलीकडच्या काळात या अडगळीत एका नव्या जातीची भर पडली आहे. ती म्हणजे बंद पडलेल्या संगणकाची पेटी, तिच्यातील हिरव्या पट्ट्या, फ्लॉपीच्या चकत्या आणि तारांची भेंडोळी.

या जुन्या सुट्या भागांचा संग्रह करण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. घरच्या माणसांना तो पसारा वाटतो, आणि पुष्कळदा तो पसारा असतोही. अडगळ आणि संग्रह यांत भेद कोणता, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक उत्तर डोळ्यांनी पाहिले आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्याच्या वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या. राजवाड्यातील रत्ने जपणारे पुष्कळ असतात. सुपारी कातरण्याच्या साधनात लोकजीवनाचा इतिहास पाहणारी दृष्टी विरळा. अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूला तिची ओळख लाभली आणि ती चार लोकांना पाहावयास मिळाली, की अडगळीचा संग्रह होतो, हेच त्यांच्या आयुष्याने दाखविले.

गणकयंत्रांच्या इतिहासातही याचा एक सुंदर दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने चाकांवर चालणारे गणनयंत्र रचण्याचा घाट घातला. हजारो भाग घडविले गेले. पण १८३३ साली काम थांबले आणि यंत्र अपुरेच राहिले. पुढे त्यांतील बहुतेक भाग वितळविले गेले. बॅबेजचा पुत्र हेन्री हा हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होता. पित्याच्या मृत्यूनंतर त्याने उरलेल्या भागांतून लहान लहान नमुने जुळविले आणि ते निरनिराळ्या संस्थांकडे धाडले. त्यांतील एक नमुना १८८६ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाकडे गेला व तेथे एका माळ्यावर पडून राहिला. अर्धशतकानंतर हॉवर्ड एकेन हा तरुण संशोधक स्वयंचलित गणकाची योजना मांडू लागला, तेव्हा तसे एक यंत्र माळ्यावर आहेच, असे एका कर्मचाऱ्याने त्यास सांगितले. एकेनचे यंत्र १९४४ साली पुरे झाले. त्याची रचना बॅबेजच्या चाकांवरून घेतलेली नव्हती. तरीही एकेन स्वतःस बॅबेजचा वारस मानू लागला. धूळ खात पडलेल्या मूठभर चाकांनी दोन शतकांचा तुटलेला धागा सांधला. ती चाके कोणाची, हे ठाऊक असणारा एक माणूस तेथे होता, म्हणून ते घडले. तो नसता, तर तीही भंगारातच गेली असती.

आपल्याकडील कथाही जाणून घेण्यासारखी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतः एक गणकयंत्र उभारले. १९५६ साली त्याची लहान प्रायोगिक आवृत्ती चालू झाली आणि १९६० साली पूर्ण यंत्र काम करू लागले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याच्या स्मृतिकोशात फेराइटच्या चिमुकल्या कड्या ओवून २,०४८ शब्द साठविण्याची सोय केली होती. १९६२ साली त्यास 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. पण १९६४ साली परदेशातून कितीतरी वेगवान यंत्र आले आणि टिफ्रॅकचे आयुष्य सरले. त्या कड्यांत मावणारा मजकूर आजच्या साध्या भ्रमणध्वनीस खिजगणतीतही नाही. मात्र कोणाच्या हाती त्या काळातील फेराइट कड्यांची एखादी जाळी आली, तर 'स्मृती' म्हणजे काय हे दहा व्याख्यानांनी न कळणारे मर्म क्षणात कळते. तारेतून वीज एका बाजूने गेली तर कडीचे चुंबकत्व एका दिशेस वळते, उलट गेली तर दुसऱ्या दिशेस. एक म्हणजे 'शून्य', दुसरी म्हणजे 'एक'.

मराठी वाचकाच्या अधिक जिव्हाळ्याचा भाग त्याहून अलीकडचा आहे. १९८० नंतरच्या दशकात संगणक कार्यालयांत शिरले, पण त्यांना देवनागरी येत नव्हती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या अडचणीवर काम झाले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. त्यातून 'जिस्ट कार्ड' आले. संगणकाच्या पेटीत ही पट्टी बसविली, की पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच परंपरेतून आलेली आहे. ज्या पट्टीने मराठीस संगणकाचे दार उघडून दिले, ती पेट्यांबरोबर भंगारात गेली तर हळहळ कोणास वाटावी?

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. त्या काळात कित्येक मराठी लेख, संस्थांची इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार फ्लॉपीवर उतरले. सीमाभागात तर भाषेचा प्रत्येक कागद मोलाचा. तो मजकूर आज वाचावयाचा, तर चालू स्थितीतील जुने फ्लॉपीयंत्र हवे, आणि तो कोणत्या संकेतप्रणालीत लिहिला हेही ठाऊक हवे. एरवी पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उभी राहते. छांदिष्टाने जपलेले एखादे यंत्र अशा वेळी किल्लीचे काम करते.

मात्र जपणुकीलाही शिस्त हवी. सह्याद्रीच्या ओलीत फ्लॉपीवर बुरशी चढते. पट्टीवरील जुनी बॅटरी गळून तिचा क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. म्हणून बॅटरी आधी काढून ठेवावी, वस्तू कोरड्या जागी ठेवावी आणि मजकुराची नवी प्रत वेळीच करून घ्यावी. एकाच जातीच्या दहा पट्ट्या साठविण्यातही शहाणपण नाही. सोन्याच्या लोभाने त्या जाळल्या वा आम्लात बुडविल्या जातात, तेव्हा माणसांस व भूमीस विषबाधा होते. याचसाठी इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम २०११ साली झाले व २०१२ पासून अमलात आले. एक नग ठेवावा, उरलेले अधिकृत संकलकाकडे सोपवावेत.

आणि ठेवलेल्या नगास चिठ्ठी बांधावी. ही वस्तू कोणती, कोणत्या वर्षाची, कोठे वापरली, तिच्यावर कोणी काय लिहिले, एवढ्या चार ओळी पुरेत. जांबोटीच्या माळ्यावरची पेटी आणि हार्वर्डच्या माळ्यावरची चाके यांत अंतर केवळ त्या चार ओळींचे आहे.