झिरकोनियममध्ये लपलेलं हाफ्नियम

आवर्तसारणीत झिरकोनियमच्या खाली बघा. झिरकोनियमच्या अणूत ४० इलेक्ट्रॉन, खालच्या हाफ्नियममध्ये ७२. म्हणजे अख्खं एक कवच जास्त. तरी धातूतली त्रिज्या झिरकोनियमची १६० पिकोमीटर आणि हाफ्नियमची १५९! या जवळिकीमुळे रसायनशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं चकले.

१९११ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज उर्बँ यांनी दुर्मिळ मृदांच्या नमुन्यात नवं मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर केलं. नाव दिलं सेल्टियम. पुढे तेच ७२ वं, असा दावा झाला. उर्बँ काही कच्चे नव्हते. ल्युटेशियमच्या शोधकांपैकी ते एक. १९१४ मध्ये ते नमुना घेऊन मोझलींकडे ऑक्सफर्डला गेले. क्ष-किरण वर्णपटात ७२ ची रेषा काही दिसली नाही. पुढच्या वर्षी मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले आणि वाद लोंबकळत राहिला.

इकडे कोपनहेगनला बोर इलेक्ट्रॉनांची मांडणी लावत होते. आजच्या भाषेत सांगायचं तर ४एफ उपकवचात १४ इलेक्ट्रॉन मावतात आणि ७१ व्या मूलद्रव्यापाशी ते भरलेलं असतं. मग ७२ वं दुर्मिळ मृदांत शोधायचं कशाला? (काही रसायनतज्ज्ञ हे आधीपासून म्हणतच होते. सगळं श्रेय पुंजसिद्धांताला देणारी पाठ्यपुस्तकी गोष्ट मला जरा सोयीची वाटते.) कॉस्टर आणि हेवेशी यांनी झिरकोनियमची खनिजं तपासली आणि रेषा मिळाल्या. डिसेंबर १९२२ मध्ये बोर यांनी नोबेल व्याख्यानातच ही बातमी सांगून टाकली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून, हाफ्नियावरून, हाफ्नियम हे नाव आलं.

म्हणजे बघा, झिरकोनियम १७८९ पासून माहीत होतं, आणि लोक 'शुद्ध' म्हणून वापरत होते त्यात हाफ्नियम होतंच.

असं का? ४एफ इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत. लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंत केंद्रकाचा भार १४ ने वाढतो आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन आत खेचले जातात. नव्या कवचाने आकार जेवढा वाढायला हवा, तेवढा इथे जवळपास वजा होतो. गोल्डश्मिट यांनी १९२५ मध्ये याला 'लँथेनाइड आकुंचन' म्हटलं. आकार सारखा, भार सारखा. मग स्फटिकात जागाही तीच आणि अभिक्रियाही जवळपास त्याच.

तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधनावर झिरकोनियमच्या मिश्रधातूची नळी असते, कारण झिरकोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. हाफ्नियम मात्र सुमारे ६०० पट शोषतं. म्हणून हैदराबादच्या अणुइंधन संकुलात ते ट्रायब्युटिल फॉस्फेट वापरून, टप्प्याटप्प्याने वेगळं काढावं लागतं.