रथाची पाचर आणि मोटारीचे सुकाणू

म्हैसूरच्या राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या एका वस्तीस आजही अग्रहार म्हणतात. राजाने विद्वान ब्राह्मणांना वसतीसाठी दिलेली भूमी ती अग्रहार, हा या शब्दाचा जुना अर्थ. आज त्या नावाच्या चौकातून मोटारींची अखंड रहदारी चालते. पण तेथून सुमारे 25 किलोमीटरांवर नंजनगूडला श्रीकंठेश्वराच्या दोड्ड जात्रेत पाच रथ निघतात, तेव्हा ज्याला सुकाणू नाही असे वाहन कसे चालते ते डोळ्यांनी पाहता येते. हजारो हात दोर ओढतात. परंतु रथाची दिशा त्यांच्या हाती नसते. ती असते चाकाजवळून चालणाऱ्या मोजक्या माणसांच्या हाती. ते लाकडी पाचर नेमक्या क्षणी चाकाखाली सारतात आणि रथाचे तोंड अंगुळ-दोन अंगुळ वळते. पाचर सटकली तर काय होईल हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

बैलगाडीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिला चाके दोन आणि वळण्याचे काम बैलांचे. चार चाकी बग्गीत मात्र पुढचा आस एका खिळ्यावर संपूर्ण फिरविण्याची रीत होती. जोराने वळताच गाडीच्या आधाराचा चौकोन आकसून जवळजवळ त्रिकोण होई आणि बग्गी कलंडे. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे वैद्य होते; रोग्यांकडे जाण्यासाठी त्यांना सतत प्रवास करावा लागे. आस जागीच ठेवून दोन्ही चाके स्वतंत्र खुंट्यांवर वळवावीत, ही कल्पना त्यांना अठराव्या शतकातच सुचली होती. तरीही 1768 साली गाडीतून फेकले जाऊन त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटलीच. पुढे म्यूनिखचा बग्गी बनविणारा लांकेनस्पेर्गर याने ही रचना सिद्ध केली आणि 1818 साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले ते त्याचा मुखत्यार, चित्रे व पुस्तके प्रकाशित करणारा रूडॉल्फ आकरमान, याने. नाव राहिले ते मुखत्याराचे! वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, हे तिचे मर्म. मोटारीने ती उचलली.

या रचनेने गाडी स्थिर झाली. पण एका खिळ्याच्या जागी अनेक सांधे आले. सुकाणू-चक्राखालची दात्यांची पेटी, तिच्यातून निघालेला हात, दांडे, त्यांच्या टोकांचे गोलक-सांधे, चाकामागचे किंग पिन: इतक्या ठिकाणी लोखंड लोखंडावर घासते आणि प्रत्येक ठिकाणची केसभर झीज चालकाच्या हातात एकवटते. मिस्त्री तिला ‘प्ले’ म्हणतो.

आपल्याकडे ही झीज दुरुस्तीवर निभावून नेण्याची सवय का जडली, याचे उत्तर इतिहासात आहे. म्हैसूरचे माजी दिवाण विश्वेश्वरय्या यांनी देशात मोटारीचा कारखाना व्हावा म्हणून फार खटपट केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी तो म्हैसूर संस्थानात काढण्याचे योजिले. परंतु युद्धकाळात हिंदुस्थान सरकारची अनुकूलता मिळाली नाही. 1940 च्या डिसेंबरात बंगळूरला त्यांच्याच पुढाकाराने कारखाना उभा राहिला तो विमानांचा. मोटारींसाठी प्रीमियर कंपनी 1944 साली निघाली, तीही मुंबईत. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग दुर्मीळ होते. म्हणून लेथवर बुश कातणारा आणि तुटलेले जोडणारा कारागीर हाच मोटारीचा खरा पालक ठरला. त्याचे कौतुक करावे तितके थोडे. मात्र जी युक्ती दाराच्या बिजागरीला शोभते ती सुकाणूला शोभत नाही, आणि हा भेद त्या काळात पुष्कळदा पुसला गेला.

युद्धकाळातील विलीज जीपचेच पाहावे. तिच्या पुढच्या आसाजवळ मध्यभागी एक कोनाकृती तरफ असते, बेलक्रँक; पेटीकडून आलेली हालचाल ती दोन दांड्यांकडे वाटून देते. तिचा खुंट झिजला की जीप रस्ता सोडून हुंगत चालल्यासारखी चालते. अशा जीपमध्ये पुढे अनेकांनी जड डिझेल एंजिन बसविले, रुंद टायर चढविले, कमानी उंच केल्या. प्रत्येक फेरफाराचा भार त्या मूळच्याच सांध्यांवर पडला. कमान उंच झाली की दांड्याचा कोन बदलतो. मग खड्ड्यात चाक उचलताच चालकाने न वळविता गाडी वळते.

दुरुस्तीचा आरंभ म्हणून पाना उचलून होत नाही, शोधाने होतो. गाडी भक्कम घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलविले असता हलले, तर दोष किंग पिनमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. डावीउजवीकडे हलले, तर बहुधा दांड्यांच्या टोकांत. दुसऱ्याने चक्र थोडे थोडे फिरवावे आणि पाहणाऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. कोणता सांधा उशिरा हलतो ते बोटाला कळते. ही परीक्षा टाळून पेटीचा स्क्रू आवळणे हा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक उपाय. पेटीतले दाते मधोमध अधिक झिजलेले असतात. तेथली ढिलाई घालवावी तर वळणावर ते आवळून बसतात आणि वळलेले चक्र परत येत नाही.

किंग पिनचे बुश बदलून रीमरने मापात आणता येतात. ते योग्यच आहे. गोलक-सांधा झिजला तर तो नवाच घालावा. सुकाणूचा घडीव हात वाकला असता तापवून सरळ करणे किंवा चिरलेला हात वेल्डिंगने जोडणे म्हणजे त्याचे पाणी उतरविणे. असा हात वरून अखंड दिसतो आणि नेमका भाराच्या क्षणी मोडतो. जुन्या मोटारीचा भाग मिळत नाही ही सबब खरी असते, पण तोवर गाडी उभी ठेवता येते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील 98 वा नियम चक्रावरची ढिलाई 30 अंशांहून अधिक चालू देत नाही; गोलक-सांध्यांवर रबरी टोप्या आणि जोडाचे बोल्ट पक्के अडकविलेले असावेत, असेही तो सांगतो. चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर 30 अंश म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. ही सहनशीलतेची शेवटची सीमा आहे. जाणता मालक तिची वाट पाहत नाही. मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास 1988 च्या कायद्याचे 52 वे कलम आड येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तो निर्बंध ठामपणे उचलून धरला.

सर्व जुळले की खाचांच्या नटमधून दुभंगी पिन घालावयाची असते. छिद्र जुळले नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, मागे सोडू नये. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. मग चाकांची जुळणी तपासून रिकाम्या रस्त्यावर सावकाश एक फेरी मारावी, आणि परत आल्यावर त्याच नटांवर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.