सर्वांसाठी खुले

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं रोह्याहून मुरूडकडे जाणाऱ्या गाड्यांवर गेली. त्या वाटेवर घाट लागतो, जंगल लागतं. बाबांनी ते जंगल कायम समोरच्या काचेतून पाहिलं. होळीच्या आधी फुललेला पांगारा, पहिल्या पावसानंतरचा कोवळा हिरवा रंग, पहाटेच्या गाडीला क्वचित रस्ता ओलांडणारं भेकर. “एकदा रिटायर झालो की आत जाऊन निवांत बसणार,” असं ते नेहमी म्हणायचे.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता घरात काठी आणि बाहेर व्हीलचेअर.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना जिल्ह्यातल्या एका निसर्गस्थळी घेऊन गेले. जागेचं नाव सांगत नाही, कारण अशा जागा कितीतरी आहेत. फाटकावर ठळक बोर्ड होता : ‘सर्वांसाठी खुले’. तिकीट काढलं. आत गेल्यावर खाली उतरायला अकरा पायऱ्या, पुढे खडीची वाट. तिकिटाच्या खिडकीजवळची दोन पोरं लगेच पुढे आली. “ताई, काकांना उचलून नेतो की, त्यात काय!” मनापासून म्हणत होती.

बाबा म्हणाले, “मला उचलू नका.”

मग आम्ही तिथेच, खिडकीच्या बाजूला अर्धा तास बसलो. चहा प्यायलो आणि परत आलो. गाडीत मी गप्प होते. बाबाच म्हणाले, “दिसलं की जंगल. काचेतून दिसायचं तेवढंच.”

तो बोर्ड माझ्या डोक्यातून जाईना. मी पेणला शाळेत इतिहास शिकवते. आमच्या जिल्ह्यात ‘सर्वांसाठी खुले’ या शब्दांना शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. फक्त त्या अकरा पायऱ्यांपाशी उभी राहीपर्यंत तो मला पुरता कळला नव्हता.

•

रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. त्या कुलाबा जिल्ह्यातलं महाड. तिथलं चवदार तळं तुम्हाला माहीत आहे. २० मार्च १९२७ ही तारीखही पाठ असेल. पण आपण शाळेत जी गोष्ट घाईत वाचतो, ती त्याच्या आधीची आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. पुढे जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. त्या वेळचे तिथले अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस पुढे सत्याग्रहात बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले.

म्हणजे १९२४ सालीच तळं कागदावर खुलं होतं. तरीही पुढची तीन वर्षं परिस्थिती होती तशीच राहिली. अडवणारा कायदा उरला नव्हता, अडवणारी माणसं होती. बोले यांनाही हे दिसत होतं. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका हे अमलात आणणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. नुसत्या शिफारशीने काम होत नाही, हे त्यांना तीन वर्षांत कळलं होतं.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी लोक रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेब पाणी प्यायले, मागोमाग बाकीचे प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना गावात मारहाण झाली. तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात दही, दूध, शेण, गोमूत्राच्या घागरी ओतल्या गेल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडलं. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं, तीही पाणी पिण्यासाठी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाडची लढाई आणि माझ्या बाबांच्या अकरा पायऱ्या एकाच तराजूत घालायच्या नाहीत. महाडला माणसांना मुद्दाम, धर्माचा आधार घेऊन, मारहाण करून अडवलं होतं. बाबांना कोणीच अडवलं नाही, उलट मदतीला पोरं धावून आली. त्या पायऱ्या बांधणाऱ्याच्या मनात कोणाबद्दल वाईट नव्हतं. त्याला माझे बाबा आठवलेच नव्हते, एवढंच. पण महाडने आपल्याला एक प्रश्न विचारायला शिकवलं, आणि तो प्रश्न इथेही लागू होतो : बोर्डावरच्या ‘सर्वां’त नेमकं कोण कोण धरलंय?

•

पाण्यानंतर जंगल. महाड दक्षिणेला, तर चिरनेर उत्तरेला, पेणला लागून असलेल्या उरण तालुक्यात.

१८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले. त्याआधी आमच्याकडचा शेतकरी भाताची रोपं टाकण्यापूर्वी झाडांची टाहाळी तोडून, वाळवून जमिनीवर भाजायचा. त्याला राब म्हणतात. गवत, सरपण, मध, कंद हे सगळं जंगलातून यायचं. कातकऱ्यांचं तर नावच खैरापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून पडलंय. नव्या कायद्याने त्या खैराला हात लावणं गुन्हा ठरला. लोकांचा ओरडा इतका वाढला, की १८८५ मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी एक फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. कातकरी आणि ठाकरांना डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायला काही तुकडे मिळाले, त्यांना इथे दळी जमीन म्हणतात. पण ती सरकारची मेहेरबानी होती, हक्क नव्हता.

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या आक्कादेवीच्या माळावर आसपासच्या गावांचे लोक कोयते घेऊन राखीव जंगलात शिरले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले. त्या दिवशी मामलेदारही मारले गेले. हुतात्म्यांच्या नावांत पाटील आहेत, म्हात्रे आहेत, कोळी आहेत आणि नवश्या महादेव कातकरी हेही नाव आहे.

पुढे दीडच वर्षांनी, एप्रिल १९३२ मध्ये, इंग्लंडात किंडर स्काउट नावाच्या माळरानावर मँचेस्टरकडचे शेकडो कामगार बंदी मोडून चढून गेले. श्रीमंतांना पक्ष्यांची शिकार करता यावी म्हणून ते रान इतरांना बंद होतं. पाच जणांना तुरुंगवास झाला. तिकडे मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क देणारा कायदा यायला २००० साल उजाडलं. दोन्हीकडे रान बंदच होतं. मात्र तिकडे रविवारच्या मोकळ्या हवेसाठी चढाई झाली, इकडे चुलीसाठी.

शिकारीसाठी राखलेलं रान आमच्याकडेही होतं. तेच फणसाड, जे मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलंय. जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं जंगल. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये जंगलाचं अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. शेकरू त्यामुळे वाचला हे खरंच. पण आधी नवाबाचं असलेलं जंगल मग वनखात्याचं झालं, नंतर तिकीट काढणाऱ्या पर्यटकांचं झालं, आणि काठावरच्या वाड्यांतली माणसं प्रत्येक वेळी बाहेरचीच ठरत गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा मान्य केलं, की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झालाय. दळीच्या तुकड्यांसाठी रायगडातल्या आदिवासींनी त्याच कायद्याखाली दावे भरले.

•

आता पुन्हा पायऱ्यांकडे येऊ.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आजचा कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला. त्यात संस्कृती आणि करमणूक यांतल्या सहभागाचा हक्क लिहिलेला आहे, सार्वजनिक जागा पोचण्याजोग्या करण्याबद्दलही लिहिलंय. पण अडचण ओळखीची आहे. नियमांत बऱ्याच गोष्टी मार्गदर्शक तत्त्वं म्हणून आल्या. म्हणजे केलं तर उत्तम, नाही केलं तरी चालतंय. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे असं चालणार नाही; किमान गोष्टी बंधनकारक करा, नियम नव्याने बनवा.

हे वाचताना मला बोले आठवले. १९२३ ची शिफारस आणि १९२६ ची अनुदान बंद करण्याची मागणी, यांच्यात जे अंतर होतं तेच हे अंतर. ठराव होतो, बोर्ड लागतो, आणि मग सगळे समजतात की झालं काम.

काम खरं तर फार मोठं नसतं. उताराचा साधा हिशोब आहे : एक फूट चढायला बारा फूट लांबी. मी त्या पायऱ्या मोजल्या होत्या. अकरा पायऱ्या, प्रत्येकी अर्धा फूट, म्हणजे साडेपाच फूट उंची. सहासष्ट फुटांचा उतार लागेल, मधे वळायला-थांबायला थोडी सपाट जागा, बाजूला धरायला कठडा. खडीच्या वाटेवर काही अंतर घट्ट पट्टा. व्हीलचेअर आत जाईल एवढ्या दाराचं शौचालय. दर थोड्या अंतरावर बाक. यातलं काहीही फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला, पोटुशीला, बाळाची गाडी ढकलणाऱ्या बापाला, सगळ्यांनाच ते लागतं.

आणि होत नाही असंही नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ मध्ये वाळूवरून समुद्राजवळ जाणारी लाकडी वाट झाली. थोड्याच दिवसांत वादळात तिचं नुकसान झालं, तर ती पुन्हा दुरुस्त केली. आपल्याच जिल्ह्यात रायगड किल्ल्यावर १९९६ पासून रोपवे आहे. किती म्हातारी माणसं त्यातून पहिल्यांदा गडावर पोचली असतील! गडाचं महत्त्व त्याने कमी झालं नाही.

•

हा लेख इथे संपवता आला असता. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगायचं राहिलं.

ती पेण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीतून येते. वर्गात मी सहज बाबांचा किस्सा सांगितला. ते उचलून घ्यायला नाही म्हणाले, हेही सांगितलं. ती म्हणाली, “बाई, आमच्या आजीला झोळीतूनच आणलं खाली. दोन तास लागले. रस्ताच नाय ना.”

तेव्हा मी काही बोलू शकले नाही. बाबांना ‘नको’ म्हणता आलं, कारण त्यांना फक्त जंगल बघायचं होतं. तिच्या आजीला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. आपण शनिवार-रविवारी ज्या डोंगराचे फोटो टाकतो, त्या डोंगरावर राहणाऱ्यांना खाली दवाखान्यापर्यंत पोचायला वाट नाही. जंगल सर्वांना खुलं करायचं म्हणजे फाटकातून आत जायची सोय करायची, तसा वाडीतून बाहेर यायचा रस्ताही करायचा. पहिली गोष्ट करून दुसरी विसरलो तर ‘सर्वां’तून पुन्हा तीच माणसं वगळली जातील, जी १८७८ पासून वगळली गेली आहेत.

त्या निसर्गस्थळाला मी पत्र पाठवलंय. पायऱ्यांची संख्या, उताराचा हिशोब, एक साधं चित्र. अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवणार आहे. तुम्हालाही एक काम सांगते. पुढच्या सहलीला जाल तेव्हा फोटो काढून झाले की पायऱ्या मोजा, आणि त्या जागेच्या व्यवस्थापनाला लिहा. दोन ओळी पुरतात. हक्काचं काम आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

मी रविवारी मेमूने पेणहून रोह्याला घरी जाते. संध्याकाळी बाबांना घेऊन कुंडलिकेच्या काठी, रस्त्यालगतच्या सपाट जागेवर बसते. पलीकडे अष्टमीचे दिवे लागतात. परवा त्यांना पत्राची प्रत वाचून दाखवली.

“किती फूट म्हणालीस?” त्यांनी विचारलं.

“सहासष्ट.”

ते जरा वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे एसटीच्या दोन गाड्या मागेपुढे उभ्या राहतील, त्याहून कमी. एवढी जागा तर तिथे होती, बाय. मी बघितली होती.”