उस्तादाचा हात आणि सरकारी दाखला

आपल्या डहाणू-तलासरी भागातील पुष्कळ मुले शाळा सुटताच एखाद्या उस्तादाच्या हाताखाली वायरिंगचे किंवा मोटार-पंपाचे काम शिकू लागतात. दोन-तीन वर्षांत हात बसतो. पुढे मोठ्या कारखान्यात किंवा वीज केंद्रात गेल्यावर मात्र पहिला प्रश्न येतो, "दाखला आहे काय?" आणि काम येणारा मुलगा हेल्पर म्हणूनच राहतो. पालकांना वाटते, ही सरकारने उगाच घातलेली आडकाठी आहे. या कागदाचा इतिहास पाहिला म्हणजे तसे म्हणवत नाही.

या इतिहासाची सुरुवात बॉयलरपासून होते. बॉयलर म्हणजे आग आणि पाणी यांना एका बंद पोलादी पिंपात एकत्र कोंडणे. जुन्या गिरण्यांतील लँकेशायर बॉयलरला पुढे काचेची एक नळी असे. आत पाणी किती आहे, ते त्या नळीत दिसे. पाणी ठराविक रेषेखाली गेले की आतील पत्रा उघडा पडून लाल होई, त्याची ताकद जाई आणि वाफेचा दाब त्याला फाडू शके. म्हणजे शेकडो कामगारांचा जीव एका माणसाच्या नजरेवर अवलंबून. तो माणूस कोण असावा, हे ठरवण्याचा अधिकार बराच काळ केवळ मालकाकडे होता.

१८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली. त्यानंतर १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्यात गिरण्या वाढत गेल्या, तसे येथेही कायदे आले. त्यांपैकी १८९१ चा कायदा महत्त्वाचा. परंतु प्रत्येक प्रांताचा नियम निराळा होता. अखेर १९२३ साली सबंध देशासाठी एक बॉयलर कायदा झाला. नोंदणी नसलेला बॉयलर वापरू नये, प्रमाणपत्रात लिहिलेल्यापेक्षा अधिक दाब चढवू नये आणि नियमांनुसार बॉयलर लायकीचा दाखला असलेल्या माणसाच्याच ताब्यात असावा, अशी त्यात तरतूद होती. बॉयलर अटेंडंटचे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे दाखले याच व्यवस्थेतून आले. हा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. २०२५ साली त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या किनाऱ्यावरच्या मुसलमान खलाशांत 'सारंग' हा शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. १९१७ च्या अंतर्गत जलमार्गावरील आगबोटींच्या कायद्यात सारंग आणि इंजिन-ड्रायव्हर यांच्यासाठी परीक्षा व दाखले ठेवलेले होते. म्हणजे आपल्या बापजाद्यांचा हुद्दा खुद्द कायद्यात नोंदला गेला होता. कागद आणि हातचा हुन्नर यांचे वैर पूर्वापार आहे, असे समजण्याचे कारण नाही. असो.

विजेकडे वळू. १९१० च्या वीज कायद्याखाली पुढे १९५६ चे नियम झाले. त्यांतील ४५ वा नियम आपल्या मुलांच्या रोजच्या कामाशी थेट संबंधित होता. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणे एवढे कोणीही करावे. परंतु नवे वायरिंग किंवा त्यात फेरबदल करायचे, तर कंत्राटदाराकडे सरकारी परवाना हवा, देखरेख करणाऱ्याकडे लायकीचा दाखला हवा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडेही परमिट हवे. नियमांची पुस्तके २०१० व २०२३ साली बदलली, परंतु हे तत्त्व तसेच राहिले.

हे परमिट राज्य सरकारने दिलेले किंवा मान्य केलेले असावे लागते. तलासरीच्या लोकांनी हे शब्द नीट ध्यानात ठेवावेत. १९६० च्या १ मे पूर्वी तलासरी आणि उंबरगाव एकाच मुंबई राज्यात होते. आज मधे राज्याची सीमा आहे आणि आपली मुले तर सकाळी सायकल-मोटारसायकलने उंबरगाव-वापीला कामाला जातात. म्हणून एका बाजूचे परमिट दुसऱ्या बाजूस चालेल की नाही, हे कामावर जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आपल्या शेजारी तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. १९९५ साली डहाणूत अडीचशे मेगावॅटचे दोन संच असलेले औष्णिक केंद्र उभे राहिले. तेथील बॉयलरपुढे गिरणीचा बॉयलर म्हणजे चुलीवरचे भांडे. वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून अधिक. साहजिकच अटीही वाढल्या. १०० मेगावॅट व त्याहून मोठ्या केंद्रात योग्य शिक्षण व ठरवून दिलेले प्रशिक्षण यांशिवाय कोणालाही यंत्र चालवू देऊ नये, असे जुन्या नियमांतच घालण्यात आले होते. २०१० च्या नियमांत अभियंत्यांसाठी पदवी किंवा पदविका आणि तंत्रज्ञांसाठी आय.टी.आय.चे प्रमाणपत्र स्पष्टपणे लिहिले गेले. अणुकेंद्रांसाठी १९८३ साली वेगळे नियामक मंडळ स्थापन झाले. तेथे नियंत्रण कक्षात बसणाऱ्याचा परवाना एकदा मिळाला म्हणजे जन्मभर पुरला, असे होत नाही. ठराविक मुदतीनंतर पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा सीमेपलीकडच्या एका कारखान्यात चार वर्षे बॉयलरवर राबला. परीक्षेला बसायचे ठरवले, तेव्हा केलेल्या नोकरीचा लेखी पुरावा मागितला गेला. ज्या कंत्राटदाराकडे तो होता, त्याने रोजी वेळेवर दिली होती, पण चिठ्ठी एकही दिली नव्हती. हजेरीच्या वहीतही नाव नव्हते. वर्षभर खेटे घालून त्याने तो नाद सोडला. आज तेविसाव्या वर्षी तो आय.टी.आय.त इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या वर्गात आपल्याहून लहान मुलांबरोबर बसतो. गेल्या ईदला भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मास्तर शिकवतात त्यातलं निम्मं मला हातानं येतं. बाकीचं निम्मं पहिल्यांदाच कळतंय."